बाबा नक्की कोण? (वडील, बाळ, म्हातारी की जोकर)

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी,
सध्या हौसेखातर तुर्की शिकतोय. घरात तुर्की मालिकांचा रतीब चालू असतो. बायको म्हणाली, खालच्या ओळी वाचत बसण्यापेक्षा भाषाच शिकून टाक. पहिल्याच धड्यात 'बाबा' भेटले. अर्थ: वडील. म्हटलं, चला, एक शब्द तरी फुकटात पदरात पडला. पण पुढे हे बाबा पाठच सोडेनात. सासरा 'कायनबाबा'. बाबांची आई ती 'बाबाआन्ने'. नाताळबाबा 'नोएल बाबा'. सरकारला 'देवलेत बाबा' म्हणतात, म्हणजे आपल्या मायबाप सरकारातली माय तिकडे गाळलीय. माजी राष्ट्राध्यक्ष सुलेमान देमिरेल यांना लोक सरळ 'बाबा' म्हणायचे. गुंडांच्या टोळीचा म्होरक्याही बाबाच. 'गॉडफादर' हा सिनेमा तिकडे 'बाबा' याच नावाने ओळखतात. आणि कडी म्हणजे, धक्क्यावर जहाजाचा दोर ज्या बुटक्या लोखंडी खुंटाला बांधतात, तोही बाबा!

तर प्रश्न असा, की आपला 'बाबा' तिकडून आलाय का? माझं मत: हो. 'बाप' घरचा, 'बाबा' पाहुणा. फारसी-तुर्कीतून, सूफींच्या आणि दरबाराच्या वाटेने आलेला.

आणि तुम्ही जिथे राहता किंवा राहिलात, तिथे बाबा म्हणजे कोण, तेही सांगा. आशियापुरतंच ठेवू, नाहीतर धागा आफ्रिकेत जाईल.

गवतीचहा
स्वाहिलीत बाबा म्हणजे वडील आणि बाबू म्हणजे आजोबा. गेला धागा आफ्रिकेत. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

अधिकउणे
पाहुणा कसला? प्राकृतात वडिलांना 'बप्प' आहे. बाप, बापू, बाप्पा ही सगळी त्याचीच पिलावळ. मेवाडचा बाप्पा रावळ काही इराणातून आला नव्हता. आणि पोरांना शब्द दुप्पट करायची सवयच असते: काका, मामा, दादा, नाना. 'बा' दोनदा म्हटलं की झाला बाबा. त्यासाठी इस्तंबूलपर्यंत जायला नको. शिवाय महानुभाव पंथात महंतांना बाबाच म्हणतात, आणि पंथ तेराव्या शतकातला आहे.

पाटीपेन्सिल
@अधिकउणे, पंथ तेराव्या शतकातला म्हणून आजची हाक तेराव्या शतकातली ठरत नाही. लीळाचरित्रातून दाखला काढा, मिसळ माझ्याकडून.

मी बोलतोय ते आदराच्या 'बाबा'बद्दल. हमदानचे कवी बाबा ताहेर अकराव्या शतकातले. पंजाबात बाबा फरीद तेराव्या शतकातले. बेक्ताशी दरवेशांच्या पंथात तर 'बाबा' हा रीतसर हुद्दा आहे, साध्या दरवेशाच्या वरचा. आपल्याकडे दर्ग्यातल्या पीराला बाबा म्हणतात ते याच रांगेत बसतं.

कटिंगवाला
मला वाटलं भोंदूबाबांवर धागा आहे. बाह्या सरसावून आलो होतो.

गवतीचहा
@कटिंगवाला, त्यांच्यासाठी २०१३ चा कायदा आहे. इथे व्याकरणाची मारामारी चालू आहे. बसा, पॉपकॉर्न घ्या.

रास्तापेठी
पुण्यात कॉलेजला असताना माझ्या खोलीत शिराझचा एक मुलगा होता. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ. रविवारी रात्री तो घरी फोन करायला एसटीडी बूथवर जायचा आणि मी सोबत जायचो, कारण नंतर तो चहा आणि बनमस्का खिलवायचा. काचेच्या खोक्यात उभा राहून तो 'बाबा, बाबा' करायचा ते समजण्यासारखं होतं. पण लाइन खराब, त्यामुळे पलीकडून वडील ओरडून बोलायचे आणि ते बाहेरपर्यंत ऐकू यायचं. तेही याला 'बाबा'च म्हणायचे! "चेतोरी, बाबा?" म्हणजे कसा आहेस, बाबा. मी विचारलं, लेका, बाबा नक्की कोण, तू की ते? म्हणाला, दोघंही. फारसी घरात बाप पोराला आपल्याच नात्याने हाक मारतो. आई पोराला 'मामान' म्हणते, म्हणजे आईच.

त्याच्याकडून उचललेले आणखी काही. 'एय बाबा', वैतागून, आपल्या 'अरे बाबा'सारखंच. 'ना बाबा', म्हणजे काय सांगतोस! आणि 'बोरो बाबा', म्हणजे चल, फूट. हे शेवटचं मी प्रॅक्टिकलच्या सरांसमोर वापरलं होतं, त्यांना फारसी येत नव्हती हे नशीब. इराणातल्या पहिलीच्या पुस्तकात 'बाबा आब दाद' हे वाक्य पिढ्यान्पिढ्या आहे. बाबांनी पाणी दिलं. आपलं 'छगन कमळ बघ' तसं.

शारजेची सून
+१ रास्तापेठी. अरबांतही हेच. आमच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब आहे. सकाळी शाळेच्या बसच्या वेळी तो गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला 'यल्ला बाबा, यल्ला' करत लिफ्टकडे पळवत असतो. मुलीला! सुरुवातीला मला वाटायचं मुलगी वडिलांना हाक मारतेय आणि आवाज घोगरा आहे.

दुसरी गंमत म्हणजे अरबीत 'प' नाही. त्यामुळे रोमचे पोपसुद्धा तिकडच्या बातम्यांत 'अल-बाबा' असतात. आणि वांग्याचं भरीत 'बाबा गनूश'. यातला गनूश म्हणजे लाडावलेला.

कटिंगवाला
लाडावलेले बाबा, आणि चुलीवर भाजलेले. आमच्या घरी उलटं आहे.

बालीगंजचा जावई
तुम्हाला दोन बाबांचा घोळ वाटतोय, आमच्याकडे तीन होते.

बंगालीत वडील बाबा. सासरेही बाबा. आणि धाकट्याला, मुलाला, जावयाला मायेने म्हणायचं तेही बाबा. आमच्या लग्नानंतरची पहिली जामाई षष्ठी. ज्येष्ठातल्या शुद्ध षष्ठीला जावयाला जेवू घालतात, आपल्या अधिक महिन्याच्या वाणासारखा थाट, फक्त अनारशांऐवजी मासे. आईबाबा त्याच सुमाराला कोलकात्याला आले होते, म्हणून त्यांनाही बोलावणं. पान वाढलं. सासूबाई माझ्यामागे उभ्या राहून म्हणाल्या, "आर एकटा माछ नाओ बाबा." आणखी एक मासा घ्या. माझ्या बाबांना वाटलं आपल्यालाच आग्रह चाललाय. ते 'नको नको' म्हणेपर्यंत माझ्या पानात इलिशचा तुकडा पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बायको तिच्या वडिलांना 'बाबा, तुमीओ खाओ' म्हणाली, तेव्हा माझ्या बाबांनी घाईघाईने पान पुढे केलं, कारण दोनदा नको म्हणून काही मिळत नाही हे त्यांना कळलं होतं. आमचं घर सदाशिव पेठेतलं. मासे त्यांनी त्या दिवशी खाल्ले, आजतागायत मान्य केलेलं नाही.

गवतीचहा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! काकांना माझा नमस्कार सांगा.

मांडवीपार
बंगालीत जे 'बाबा', ते आमच्या गोव्यात आहेच की. आजी नातवाला म्हणते, "बाबा, हांगा यो." इथे बाबा म्हणजे लहान मुलगा. आणि मोठ्या माणसाच्या नावाला आदराने 'बाब' लागतं, बाईला 'बाय'. कवी बा. भ. बोरकर आमचे बाकीबाब. म्हणजे कडेवरचं पोर आणि साठीचा कवी यांच्यात फक्त एका काना-मात्रेचा फरक. :)

मराठीतही आहे हे, आपण विसरतो. बाबा आमटे यांना 'बाबा' हे नाव संत म्हणून, समाजसेवेमुळे मिळालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते लहानपणी आईवडील त्यांना ज्या नावाने हाक मारायचे तेच होतं. मुरलीधर हे पाळण्यातलं, बाबा हे लाडाचं.

अधिकउणे
हे उत्तम निरीक्षण. 'बाबापुता करणे' बघा. बाबा आणि पुता, दोन्ही त्याच पोराला उद्देशून. थोपटायचं ते पोरालाच, बापाला कोण थोपटतंय?

कटिंगवाला
कर्ज काढायचं असलं की थोपटतात.

यामानोते
तोक्योतून. इथे 'बाबा' जरा जपून.

जपानीत 'बाबा' म्हणजे म्हातारी, तेही फार आदराने नव्हे. आजीला 'ओबासान' म्हणायचं ('बा' लांबवायचा, नाहीतर ती मावशी होते, यावरून किती मारामाऱ्या झाल्या असतील!). पत्त्यांच्या 'बाबानुकी' खेळात जोकर म्हणजे बाबा. शेवटी ज्याच्या हातात बाबा उरतो तो हरतो. त्यावरून 'बाबा ओढला' म्हणजे नको ते काम गळ्यात पडलं. कानसाईकडे 'बाबा' म्हणजे शी, आणि 'नेकोबाबा', म्हणजे मांजराची शी, याचा अर्थ रस्त्यात सापडलेलं पाकीट गुपचूप खिशात घालणं. मांजर कसं माती लोटून नामानिराळं होतं, तसं.

आणि मग तिसराच बाबा. चिनी अक्षरांत 'घोडा' आणि 'जागा' लिहिलं की जपानी उच्चार होतो बाबा, घोडे फिरवायचं मैदान. तोक्योत ताकादानोबाबा नावाचं स्टेशन आहे. १६३६ मध्ये शोगुन तोकुगावा इएमित्सूने तिथे घोडेस्वारीचं मैदान करवलं होतं, त्यावरून नाव. जवळच वासेदा विद्यापीठ, तिथली पोरं स्टेशनला नुसतं 'बाबा' म्हणतात. "संध्याकाळी बाबाला भेटू." आडनावही असतं, जायंट बाबा नावाचा धिप्पाड पैलवान इथे देवासारखा होता.

आई पहिल्यांदा आली तेव्हा लोकलमध्ये घोषणा झाली, "त्सुगी वा, ताकादानोबाबा, ताकादानोबाबा." आईने पर्सवरचे हात जोडले आणि मला विचारलं, कुठले रे हे बाबा? दर्शनाला उतरायचं का? मी सांगितलं, घोड्यांचं मैदान आहे. म्हणाली, असू दे, जोडले ते जोडले.

गवतीचहा
काकू अशक्य आहेत.

सांगलीची हळद
कोरियन मालिका बघणाऱ्यांसाठी: तिकडे वडील 'अप्पा'! आमच्या सांगलीत घरोघरी आप्पा आहेत, पलीकडे कानडी मुलखात अप्पा, तमिळनाडूत अप्पा. आईला तमिळमध्ये अम्मा, कोरियनमध्ये ओम्मा. आता बोला. कोरियन आणि तमिळ बहिणी आहेत असं मी कुठेतरी वाचलंय. (आणि 'बाबो' म्हणजे कोरियनमध्ये येडा. हे मालिकेत दर भागात दहादा येतं, त्यामुळे खात्रीने सांगते.)

अधिकउणे
हळदताई, बहिणीबिहिणी नाहीत. आईबापांच्या शब्दांवरून भाषांची नाती जुळवायची नसतात. हेच शब्द सगळ्यात जास्त फसवतात.

रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाचा १९६० च्या सुमाराचा एक प्रसिद्ध निबंध आहे, जगभर मामा आणि पापा का, या प्रश्नावर. त्याआधी मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतले आईबापांसाठीचे हजारावर शब्द गोळा केले होते. त्यात आईच्या शब्दांत म, न ही अनुनासिकं जास्त आणि बापाच्या शब्दांत प, ब, त, द जास्त. याकबसनचं म्हणणं असं, की तान्ह्या मुलाला सगळ्यात आधी जमतात ते ओठांचे आवाज: ओठ मिटले, उघडले, झालं. दूध पिताना तोंड अडलेलं असतं तेव्हा नाकातून जो कुरकुरता आवाज निघतो तो 'म'. म्हणून म आईच्या वाट्याला. पोर काही कोणाला हाक मारत नसतं, ते फक्त बरळतं. पलंगाशेजारी उभी असलेली मोठी माणसं 'बघा, मला हाक मारली!' म्हणून तो शब्द आपल्या नावावर करून घेतात. प्रत्येक गावात उभं असलेलं माणूस वेगळं. कुठे बाप, कुठे आजोबा, कुठे आजी.

आणि जॉर्जियात तर सगळंच उलटं: तिथे 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. आजोबा 'बाबुआ'.

यामानोते
अधिकउणे, यावरून जपानमधलं एक जुनं कोडं आठवलं. १५१६ च्या एका कोड्यांच्या संग्रहात आहे: आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही. ओळखा कोण?

थांबा, लगेच खाली बघू नका.

उत्तर: ओठ. आता हे आजच्या जपानीत लागूच पडत नाही, कारण आई म्हणजे 'हाहा' आणि वडील म्हणजे 'चिचि', ओठ कशालाच मिटत नाहीत. पण त्या काळी आजचा 'ह' ओठ जवळ आणून बोलायचे, 'फाफा'सारखा. त्याहीआधी तो चक्क 'पापा' होता. पापा म्हणजे आई! भाषेचे जुने उच्चार शोधणारे लोक हे पाचशे वर्षांपूर्वीचं कोडं पुरावा म्हणून दाखवतात.

मांडवीपार
काय सुंदर आहे हे! मी आत्ता आरशासमोर उभं राहून मराठीत म्हणून बघितलं. आपलं बरोब्बर उलटं: बाबांना दोनदा भेटतात, आईला एकदाही नाही. 'आई' म्हणताना तोंड उघडं ते उघडंच.

कटिंगवाला
म्हणून ठेच लागल्यावर आईच आठवते. ओठ मिटायला वेळ कुठे असतो?

सांगलीची हळद
आणि वाघ दिसल्यावर बाप रे. तिथे मिटायलाच लागतात, आवाज करायचा नसतो.

कातोंगकर
धागा वाचनखुणेत टाकला. सिंगापूरचे बाबा अजून कोणी सांगितले नाहीत म्हणून लिहितो.

इथे आणि मलेशियात मलाक्का, पेनांग भागात 'बाबा' ही एक जमातच आहे. काही शतकांपूर्वी चीनमधून व्यापारी आले, इथल्याच बायकांशी लग्नं करून स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांना पेरानाकान म्हणतात. पुरुष तो बाबा, बाई ती न्योन्या. घरात पूर्वजांची चिनी पूजा, अंगावर मलय पद्धतीचा सारोंग-कबाया, आणि बोली म्हणजे हॉक्कियन या चिनी बोलीतल्या शब्दांची फोडणी दिलेली मलय. तिला 'बाबा मलय'च म्हणतात. 'बाबा' हा शब्द इथे हिंदुस्तानी-फारसीतून आदरार्थी म्हणून आला असं मानतात. म्हणजे पाटीपेन्सिल, तुमचा पाहुणा इथपर्यंत आला, आणि चिनी माणसाला चिकटला. थायलंडमधल्या फुकेतमध्येही त्यांना बाबाच म्हणतात. पण इंडोनेशियात चिनी माणसाला 'बाबाह' म्हटलेलं आता उद्धट समजतात, तेव्हा तिकडे तोंड सांभाळा. तिथे 'बाबू' म्हणजे तर मोलकरीण, आणि तोही शब्द कोणी तोंडावर म्हणत नाही. आपल्याकडच्या सरकारी बाबूंना सांगायला हवं.

मी कातोंग भागात राहतो, तो जुना पेरानाकान मोहल्ला. शेजारच्या न्योन्या आजी नव्वदीच्या आत-बाहेर असतील. चिनी नववर्षाच्या आधी त्या 'आयाम बुआ केलुआक' करतात. आयाम म्हणजे कोंबडी. बुआ केलुआक ही काळी, टणक, सुपारीपेक्षा बरीच मोठी बी. कच्ची विषारी असते, सायनाइड असतं तिच्यात. म्हणून ती उकळून, राखेत पुरून ठेवून मग बाजारात येते, आणि तरी आजी ती बरेच दिवस पाण्यात घालतात, रोज पाणी बदलतात. मग लहान बत्त्याने एका टोकाला कवच फोडायचं, आतला काळाकुट्ट गर कोरून काढायचा, वाटायचा, त्यात कोलंबी किंवा खिमा मिसळून परत त्याच कवचात ठासायचा. चिंचेच्या रश्श्यात कोंबडीबरोबर शिजवायचं. खाताना बारक्या चमच्याने कवचातून उकरून भातावर घ्यायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा डांबर वाढलंय असं वाटलं. चव कडवट, मातकट, आणि एकदा लागली की सुटत नाही. आजी मला बजावतात, बाबा लोक नुसते खातात, बिया कोरतात त्या न्योन्या.

शारजेची सून
@कातोंगकर, शेवटचं वाक्य सगळ्या देशांत खरं आहे.

युनानी नाही युन्नानी
चीनमध्ये वडील 'बाबा'च. पण सूर सांभाळा. पहिला 'बा' वरून खाली दणकन आणायचा, तर ते वडील. तोच खाली दाबून म्हटला की पोरांच्या भाषेत शी. आमची लेक तिथल्या बालवाडीत असताना घरात मराठी सुरात 'बाबा' म्हणायची आणि शाळेत चिनी सुरात. सोमवारी सकाळी दोन्हींची सरमिसळ व्हायची. वर्गाच्या दारात ती मोठ्याने काहीतरी म्हणाली आणि बाई तिला घाईघाईने बाथरूमकडे घेऊन गेल्या, मी हात हलवत उभा.

सपाट वरच्या सुरात म्हटलं तर मात्र खायची वस्तू. युन्नानमध्ये 'बाबा' नावाच्या जाड रोट्या मिळतात. दालीजवळ शिझोऊ गावातल्या प्रसिद्ध आहेत, वरखाली कोळसे ठेवून भाजतात. एक गोड, एक कांद्याची पात आणि मांसाची.

हरिश्चंद्रगडी
व्हिएतनाम: 'बा' म्हणजे तीन. दक्षिणेत 'बा' म्हणजे वडीलही. खालच्या सुरात 'बा' म्हणजे आजी. आणि 'बा बा' म्हणजे मऊ पाठीचं कासव, जे हॉटेलात मेनूवर असतं. सायगावला पहिल्या दिवशी मेनूवर रोमन लिपीत बाबा वाचून मागवणार होतो, चित्र होतं म्हणून वाचलो. प्यायला मात्र बिनधास्त 'बा बा बा' मागा, ३३३ नावाची बिअर येते. आधी तिचं नाव नुसतं ३३ होतं.

मेकाँगच्या बाजूच्या बायका जो साधा, बिनकॉलरचा सदरा घालतात त्याला 'आओ बा बा' म्हणतात. तो वर कातोंगकरांनी सांगितलेल्या बाबा लोकांकडून आला, असं एक मत तिकडे ऐकायला मिळतं.

थायलंड आता कुणी सांगण्याआधी सांगतो: 'बा' उतरत्या सुरात म्हणजे वेडा. दोनदा म्हटलं तर वेडाबिडा.

लंकेचीपार्वती
कोलंबोत तीन वर्षं काढली. सिंहलीत 'बबा' (पहिला ब ऱ्हस्व) म्हणजे तान्हं बाळ. शेजारीण विचारायची, बबा झोपला का? आमचे हे हॉलमध्ये घोरत असायचे, उत्तर दोन्ही अर्थांनी बरोबर.

पण खरी मजा पुढे. सिंहलीत 'बाप्पा' म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, चुलता. आम्ही फ्लॅटमध्ये गणपती बसवला होता. आरतीला खालच्या मजल्यावरची मुलं आली. 'गणपती बाप्पा मोरया' तीनदा झाल्यावर त्यातल्या मोठीने विचारलं, हे तुमचे काका का?

बालीगंजचा जावई
गणपती काका मोरया.

तेलविहिरीवरून
बाकूत आहे. अझरबैजानी आणि तुर्की इतक्या जवळच्या, की दोघं आपापल्या भाषेत बोलून भांडू शकतात. पण इथे 'बाबा' म्हणजे आजोबा! वडिलांना 'आता' म्हणतात. आणि तुर्कीत 'आता' म्हणजे पूर्वज, आतातुर्कमधला. ताजिकांकडे 'बोबो' म्हणजेही आजोबा. म्हणजे इस्तंबूलहून विमानाने इकडे येईपर्यंत बाबा एक पिढी म्हातारे होतात.

आमच्या कॅम्पवर एक तुर्की फोरमन आहे. त्याने इथल्या मुलाला सहज विचारलं, तुझे बाबा काय करतात? मुलगा म्हणाला, वारले. फोरमनने दिवसभर त्याला अवघड काम दिलं नाही, डबाही दिला. संध्याकाळी मुलाचे वडील ट्रक घेऊन त्याला न्यायला आले.

रास्तापेठी
हाहाहा. मुलाने खुलासा केला नाही, डबा चांगला असणार.

वाचनमात्र
एरवी लिहीत नाही, पण मूळ प्रश्न सगळेच विसरलेत म्हणून आलो.

'बाबागाडी'चा विचार कोणीच केला नाही. त्या गाडीत वडील बसत नाहीत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात 'बाबा' ही नोंद आहे, आणि तिथे अर्थ आहे साहेबांच्या घरातली मुलं, 'बाबालोग'. आया, खानसामा, माळी सगळे गोऱ्या पोरांना बाबा म्हणायचे. बाबागाडी मला त्याच बंगल्यातून आलेली वाटते. सिनेमातला 'छोटा बाबा'ही. म्हणजे पाटीपेन्सिल म्हणतात तसा दर्ग्याचा बाबा एका वाटेने आला असेल, साहेबाच्या बंगल्यातला दुसऱ्या.

आणि वडिलांना बाबा म्हणायची पद्धत तरी आपल्याकडे किती घरांत जुनी आहे? माझ्या आजोबांच्या पिढीत वडिलांना अण्णा, तात्या, आप्पा, भाऊ, नाना, दादा म्हणायचे. एकत्र कुटुंबात चुलतभावंडं जे म्हणतील तेच स्वतःच्या बापालाही. माझे वडील त्यांच्या वडिलांना 'काका' म्हणायचे, मरेपर्यंत. खेड्यात 'बा' आणि 'आबा'. ब्लॉकमध्ये राहायला आलो, चौकोनी कुटुंबं झाली, तेव्हा बाबा सगळीकडे झाले.

अधिकउणे
वाचनमात्र, लिहीत जा हो. ब्लॉकचं पटलं. माझ्याही घरी तेच, आजोबा 'तात्या', वडील 'बाबा', आणि मला चिरंजीव 'डॅड' म्हणतात, त्याचा उगम कुठल्या दर्ग्यात ते पाटीपेन्सिल सांगतील.

पण 'बंगल्यातून आला' याला माझी हरकत आहे. मांडवीपार यांची आजी साहेबाच्या बंगल्यात कामाला नव्हती. बंगाल्यांचा बाबाही. पोराला मोठ्याच्या नावाने हाक मारणं इराण, अरबस्तान, बंगाल, गोवा असं सगळीकडे दिसतंय. साहेबाच्या नोकरांनी घरी जे म्हणत होते तेच बंगल्यावर म्हटलं. साहेबाने फक्त कोशात लिहून ठेवलं.

पाटीपेन्सिल
दोन दिवस कामात होतो, इकडे आशिया फिरून झाला.

माझं म्हणणं जरा आवळून मांडतो. बाप-बप्प घरचे, हे मी पहिल्याच पोस्टीत म्हटलंय. पोराच्या तोंडचा बाबा कुणाच्याच बापाचा नाही, हेही मान्य. पण नावामागे लागणारा आदराचा 'बाबा', शिर्डीचा, ताजुद्दीन बाबांचा, तो फारसीच्या वळणाचा आहे, यावर मी ठाम आहे. कातोंगकरांचे मलाक्कावाले माझ्या बाजूने साक्षीला आहेत. एवढ्या लांबच्या चिनी माणसाला आदरार्थी हाक म्हणून तो चिकटला, तर मधल्या वाटेवरच्या आपल्याला का नाही?

अधिकउणे
साक्षीदार चिनी, वकील पुणेकर. 'ज्ञानोबा', 'विठोबा' यांतला 'बा' तुमच्या फारसीच्या आधीपासून आदराचाच आहे. तो दोनदा म्हणायला फारसीची परवानगी लागत नाही.

पाटीपेन्सिल
लीळाचरित्रातला दाखला?

अधिकउणे
शोधतोय. मिसळ कुठली ते आधी ठरवा.

सांगलीची हळद
कोल्हापुरी नाहीतर नाही.

कटिंगवाला
बाबा झाले, आता 'काकी'चा धागा काढा. इंडोनेशियात काकी म्हणजे पाय म्हणे.

कातोंगकर
हो, मलयमध्येही. दुकानांपुढच्या पाच फुटी फुटपाथला 'काकी लिमा' म्हणतात, लिमा म्हणजे पाच. इंडोनेशियात हातगाडीवाल्या फेरीवाल्यांना तेच नाव.

यामानोते
जपानीत काकी म्हणजे एक फळ, टोमॅटोएवढं, नारिंगी. सूर बदलला की कालवं. दोन्ही याच मोसमात मिळतात.

कटिंगवाला
पाय, फळ आणि कालवं. आमच्या काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कालवं कितीला आहेत ते विचार.